वाट अरुंद असल्याचे कळवावे

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत आजवर पुष्कळ काही लिहिले गेले. पहिल्या तुकडीच्या आठवणी, भोजनगृहातील दिवस, शिक्षकांचे ऋण, इमारतीसाठी लोकांनी दिलेला एकेक रुपया, हे सारे त्यात आले आणि ते यावयासच हवे होते. संपादक मंडळाने आम्हां तिघा माजी विद्यार्थ्यांकडे लेख मागितला, तेव्हा मात्र आम्ही निराळा विषय निवडला. तो विषय म्हणजे वसतिगृहाच्या संगणक कक्षात काही आठवडे राहिलेला इंटरनेटचा एक बिघाड. विषय रुक्ष वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु त्या बिघाडामुळे आपल्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला होता आणि ती जे सांगत होती त्यावर कोणाचाही विश्वास बसत नव्हता. बिघाडाचे मूळ शोधताना आम्हांस जे उमगले, ते संगणकाला कधी हात न लावलेल्या पालकांनाही सांगण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्यानंतर शाळांची दारे दीर्घकाळ बंद राहिली. दारे पुन्हा उघडली, तरी एक गोष्ट कायमची बदलून गेली. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, दाखले हे सर्व संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागले. ज्यांच्या घरी मोठा भाऊ किंवा वडील हे काम करून देतात, त्यांना यात विशेष अडचण नसते. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले त्यांच्या घरातील पहिलीच शिकणारी पिढी आहेत. त्यांच्यासाठी संगणक कक्षातील ती दहा-बारा यंत्रे हाच तहसील कचेरीचा दरवाजा, तीच टपालपेटी आणि तीच अर्जाची खिडकी. म्हणून संस्थेने वसतिगृहास फायबरची जोडणी घेतली. मुलांना अनिष्ट संकेतस्थळे दिसू नयेत यासाठी एका हितचिंतकाच्या देणगीतून गाळणी करणारी एक पेटीही बसविण्यात आली. वसतिगृहातून बाहेर जाणारी आणि बाहेरून आत येणारी सर्व वाहतूक त्या पेटीतून जाऊ लागली.

पेटी बसल्यानंतर तीन आठवड्यांनी अधीक्षक सरांनी आम्हांस बोलावणे पाठविले. आम्ही तिघेही याच विद्यालयातून शिकून बाहेर पडलो. दोघे हिंजवडीत नोकरी करतात, एक जण महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकविते. महिन्यातून एखाद्या रविवारी येऊन संगणक कक्षाची देखभाल करावी, असा आमचा परिपाठ आहे.

तक्रार चमत्कारिक होती. अभ्यासाची चलचित्रे न अडखळता चालत होती. वर्तमानपत्रे उघडत होती. ई-मेलमधून फाइलही जात होती. परंतु अकरावीत शिकणारी, मराठवाड्यातून आलेली एक विद्यार्थिनी आठवडाभर सांगत होती की, शिष्यवृत्तीचा अर्ज जात नाही. जोडणी पुरविणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने पेटी बाजूला काढून आपले यंत्र थेट जोडले, वेग मोजला आणि जोडणी निर्दोष असल्याचे सांगितले. पेटी बसविणाऱ्या व्यावसायिकाने दूरध्वनीवरच उत्तर दिले की, चलचित्र चालते त्याअर्थी पेटी उत्तम आहे. दोघांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मग उरली ती मुलगी. तिलाच यंत्र नीट हाताळता येत नसावे, किंवा ती शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ करीत असावी, असा समज हळूहळू दृढ होत गेला. अर्जाची मुदत संपावयास चार दिवस उरले होते.

आम्ही तिला काय होते ते सांगावयास सांगितले. ती म्हणाली, "दादा, पान उघडतं. कुटुंबाची माहिती लिहायचा रकाना आहे ना, त्यात एक ओळ मराठीत लिहिली तर ती जतन होते. चार ओळी लिहिल्या की नुसतं चक्र फिरत राहतं. त्याच चार ओळी इंग्रजीत लिहिल्या तर जातात. आणि प्रमाणपत्राची फाइल तर कधीच जात नाही."

तिने हे सारे वहीत लिहून ठेवले होते. वार, वेळ, किती ओळी, कोणती भाषा, गेले की नाही. हे तिने पूर्वीही सांगितले होते. त्यावर "मग इंग्रजीत लिही" असा सल्ला तिला मिळाला होता आणि 'संगणकाला मराठी चालत नाही' म्हणून वर्गात थोडी थट्टाही झाली होती. तिने इंग्रजीत दोन वाक्ये लिहूनही पाहिली. परंतु आपली आई ऊसतोडीला जाते तेव्हा घराचे काय होते, हे तिला जसे मराठीत मांडता येत होते, तसे त्या दोन वाक्यांत येत नव्हते. शिवाय प्रमाणपत्राचा प्रश्न इंग्रजीने सुटणारा नव्हताच.

तिची वही वाचून आमच्या मनात पहिली शंका आली ती पॅकेटच्या आकाराविषयी. ती शंका समजण्यासाठी वाचकांना थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर अखंड प्रवास करीत नाही. त्याची पाकिटे केली जातात. तंत्रज्ञ त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पाकिटावर कोठून आले आणि कोठे जावयाचे याचा पत्ता असतो. इमारतीतील संगणक ज्या पद्धतीने एकमेकांना जोडलेले असतात तिला इथरनेट म्हणतात. डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले, तेव्हापासून एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट हे माप रूढ आहे. बाइट म्हणजे संगणकाच्या लेखी एक अक्षर मावेल एवढी जागा. या १५०० पैकी ४० बाइट पत्ता आणि क्रमांक यांत जातात, म्हणून प्रत्यक्ष मजकुरास १४६० उरतात. दोन संगणक संभाषण सुरू करतात तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्यास प्रथमच सांगतो की, माझ्याकडे १४६० पर्यंतचा मजकूर पाठविण्यास हरकत नाही. आकाराची बोलणी ती हीच.

या बोलण्यांत एक उणीव आहे. ती केवळ दोन टोकांमध्ये होतात. मधला रस्ता केवढा रुंद आहे, हे दोघांपैकी कोणासच ठाऊक नसते. घरगुती फायबर जोडणीत पुष्कळ ठिकाणी पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात. ग्राहक कोण हे ओळखण्यासाठी ती प्रत्येक पाकिटात स्वतःचे ८ बाइट घालते. १९९९ मध्ये ही पद्धत लिखित स्वरूपात आली. १५०० मधून ८ वजा जाता त्या रस्त्यावर १४९२ चेच पाकीट मावते. फरक केवळ आठ बाइटांचा आहे. परंतु पाकीट मावते किंवा मावत नाही, मधली स्थिती नसते.

न मावणाऱ्या पाकिटाचे काय करावयाचे? बार्शी, धाराशिव, लातूर या भागांतून आलेल्या वाचकांना याचे उत्तर कुर्डुवाडीच्या जुन्या दिवसांत सापडेल. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे, तर पुण्याहून सोलापूरकडे जाणारी मुख्य रेल्वे साडेपाच फुटी. त्यामुळे कुर्डुवाडीस माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या, लहान डब्यांत भरावा लागे. हमालांचे श्रम, वेळ, मालाची मोडतोड हे सर्व त्यात आले. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग रुंद झाला आणि ही उतरवाउतरव संपली. इंटरनेटचे मूळ नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतही अशीच सोय होती. रस्ता अरुंद झाला की मधल्या यंत्राने पाकिटाचे तुकडे करावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते जुळवावेत. लवकरच त्यातील दोष ध्यानात आले. एक तुकडा जरी हरवला, तरी सारे पाकीट निकामी होई. ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ मध्ये या तुकडे करण्याच्या पद्धतीविरुद्ध निबंधच लिहिला.

मग मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये दुसरी रीत सांगितली. पाठविणाऱ्याने पाकिटावर 'तुकडे करू नयेत' अशी खूण करावी. वाटेत ज्या यंत्रास ते पाकीट मोठे वाटेल, त्याने ते टाकून द्यावे. परंतु त्याच क्षणी पाठविणाऱ्यास एक चिठ्ठी लिहावी की, येथे १४९२ च मावते. चिठ्ठी मिळताच पाठविणारा लहान पाकिटे करतो आणि काम पुढे चालते. या चिठ्ठ्या ज्या व्यवस्थेतून जातात तिला आयसीएमपी म्हणतात. मुंबईहून पुण्यास येणारी गाडी कर्जतला थांबते आणि घाट चढण्यासाठी तिच्यामागे जादा इंजिने लागतात. घाट अवघड आहे हे कर्जतलाच ठाऊक असते, म्हणून गाडी चढावर अडून राहत नाही. आयसीएमपीची चिठ्ठी हे काम करते.

सारी रीत त्या चिठ्ठीवर उभी आहे. चिठ्ठी पोहोचली नाही तर पाठविणारा वाट पाहतो, पोच आली नाही म्हणून तेच मोठे पाकीट पुन्हा पाठवितो, ते पुन्हा नाहीसे होते. पडद्यावर चक्र फिरत राहते. चूक झाली असे कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचेच तोंड बंद केलेले असते. तंत्रज्ञ या स्थितीस कृष्णविवर म्हणतात. सप्टेंबर २००० मध्ये केव्हिन लाही यांनी या दोषाची पद्धतशीर नोंद केली. म्हणजे हा आजार जुना आहे आणि त्याचे वर्णन उपलब्ध आहे. तरीही तो पुनःपुन्हा होतो, कारण अनेक व्यावसायिक सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवितात. या व्यवस्थेतील काही संदेशांचा दुरुपयोग होऊ शकतो, हे खरे. परंतु काही पत्रे निनावी येतात म्हणून गावाचे सगळे टपालच बंद करावे, असा हा न्याय झाला.

आता त्या मुलीच्या निरीक्षणाकडे वळू. मराठी मजकूर अडतो आणि इंग्रजी जातो, हे कसे?

देवनागरी संगणकावर आणण्याच्या कामात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. 'परम' महासंगणकासाठी ती प्रसिद्ध असली, तरी तिच्या जिस्ट विभागाने भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे मोठे काम केले. त्या काळच्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक बाइट लागे. आज जगभर युनिकोड चालते. त्याच्या रूढ मांडणीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. शिवाय संकेतस्थळावरील साधा अर्ज पाठविताना देवनागरीच्या प्रत्येक बाइटासाठी तीन चिन्हे लिहिली जातात. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे आहेत. त्यांचे बारा बाइट होतात आणि अर्जातून जाताना त्यांना छत्तीस जागा लागतात. त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाला सहा पुरतात.

तेव्हा मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. एक ओळ मराठी एका लहान पाकिटात मावत होती. चार ओळी मराठी झाल्या की पाकीट पूर्ण भरे, १५०० चे होई आणि नाहीसे होई. त्याच चार ओळी इंग्रजीत लिहिल्या की पाकीट लहान राही आणि निघून जाई. संगणकाचे मराठीशी वैर नव्हते. रस्ता अरुंद होता आणि मराठीस अधिक जागा लागत होती, एवढेच. प्रमाणपत्राची फाइल तर दोनशे किलोबाइटची. तिची पाकिटे जवळजवळ सगळीच भरलेली, म्हणून ती मुळीच जात नव्हती.

चलचित्रे का चालत होती, याचाही उलगडा झाला. चलचित्र पाहताना आपल्याकडून जाते ती लहानशी मागणी; मोठी पाकिटे येतात ती बाहेरून. त्या दिशेने अरुंद जागेचे तोंड जोडणी पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्राकडे होते आणि ते यंत्र इमानाने चिठ्ठ्या पाठवीत होते. ई-मेलच्या फाइली जात होत्या, कारण काही मोठे सर्व्हर बोलणी करतानाच १४६० हून लहान आकार सांगतात. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मोठ्या पाकिटांना मात्र पहिलाच अडथळा आपल्या पेटीत होता. पूर्वी हे काम कंपनीचा मोडेम करी आणि आकाराची काळजी तो मुकाट्याने घेई. ते काम नव्या पेटीकडे आले, तेव्हा ती काळजी कोणाकडेच राहिली नाही.

हे सारे तर्काने सुचले, तरी तर्क पडताळून पाहावा लागतो. त्यासाठी पिंग नावाचे लहानसे साधन पुरते. माइक म्युस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. ते दूरच्या संगणकास हाक मारते आणि 'ओ' येते की नाही हे सांगते. हाक किती मोठी असावी आणि तिचे तुकडे होऊ द्यावेत की नाही, हे आपण ठरवू शकतो. हाकेच्या मजकुरास २८ बाइटांचा पत्ता जोडला जातो. म्हणून १४७२ ची हाक म्हणजे १५०० चे पूर्ण पाकीट.

त्या रविवारी सायंकाळच्या वंदनेनंतर आम्ही संगणक कक्षात बसलो. मुलीसही सोबत बसविले आणि आकडे लिहून घेण्याचे काम तिच्याकडे दिले. १४७२ ची हाक मारली, उत्तर नाही. १४०० ची मारली, उत्तर आले. मग दोन आकड्यांच्या मधोमध जावयाचे. १४३६, उत्तर आले. १४५४, आले. १४६३, आले. १४६७, नाही. १४६५, नाही. १४६४, आले. आठ हाकांत सीमा सापडली. १४६४ मध्ये २८ मिळविले की १४९२ होतात. आठ बाइटांची ती अरुंद जागा आता आमच्यासमोर वहीत लिहिलेली होती. आणखी एक गोष्ट निश्चित झाली. १४६५ ची हाक मारल्यावर पेटीने 'मोठे आहे' असे उत्तर द्यावयास हवे होते. तिने काहीच उत्तर दिले नाही. पेटीची मांडणी उघडून पाहिली, तेव्हा पिंगची हाक आणि उत्तर वगळता आयसीएमपीचे इतर सर्व संदेश अडविलेले आढळले.

उपाय दोन होते आणि आम्ही दोन्ही केले. पहिला, अडविलेल्या चिठ्ठ्या मोकळ्या करणे. 'येथे एवढेच मावते' असे सांगण्याची मुभा पेटीस मिळाली. दुसरा उपाय बोलण्यांतच दुरुस्ती करण्याचा. दोन संगणक संभाषण सुरू करताना १४६० चा आकडा सांगतात, तेव्हा मधून जाणारी ही पेटी तो आकडा १४५२ करून पुढे पाठविते. मग कोणीही मोठे पाकीट पाठवीतच नाही. पहिला उपाय मुळावरचा आहे. दुसरा उपाय पुढे कोठे दुसऱ्याने चिठ्ठी अडविली तरी उपयोगी पडतो. मात्र टीसीपी या पद्धतीने होणाऱ्या संभाषणापुरताच.

यासाठी किती किंमत मोजावी लागली, हे आम्ही मुलीकडून हिशेब करवून घेतले. दोनशे किलोबाइटची फाइल १४६० च्या मापाने १४१ पाकिटांत जाते. १४५२ च्या मापाने तिला १४२ पाकिटे लागतात. एक पाकीट अधिक! त्या एका पाकिटाच्या अंतरावर तीन आठवडे सगळे अडून राहिले होते.

एक शंका जाणकार वाचकांच्या मनात येईल. चिठ्ठी आली नाही, तरी संगणकाने स्वतःहून लहान पाकीट पाठवून पाहू नये काय? मॅट मॅथिस आणि जॉन हेफनर यांनी मार्च २००७ मध्ये नेमकी तीच रीत सुचविली. आपल्या कक्षातील यंत्रांवर लिनक्स आहे आणि त्यात ही सोय आहेही. परंतु ती मूळ स्थितीत बंद असते, कोणी तरी ती जाणीवपूर्वक चालू करावी लागते. ती आता चालू केलेली आहे.

त्याच रात्री मुलीने आपला मजकूर मराठीत, संपूर्ण लिहिला. चार ओळींऐवजी चौदा ओळी झाल्या. प्रमाणपत्रे चढली. अर्ज क्रमांक पडद्यावर आला, तो तिने वहीत उतरवून घेतला. निवड कोणाची करावयाची हे निवड करणाऱ्यांच्या हाती होते आणि त्याविषयी आम्हांस येथे काही सांगावयाचे नाही. अर्ज पोहोचला आणि तो वाचून निर्णय होऊ शकला, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. नकार आणि निरुत्तर या दोन गोष्टींत फार अंतर आहे. नकार मिळालेल्या माणसास काय कमी पडले ते कळते आणि तो पुढच्या वर्षी तयारीने येतो. ज्यास काहीच उत्तर मिळत नाही, तो प्रथम यंत्रास, मग नशिबास आणि शेवटी स्वतःस दोष देऊ लागतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीने कार्यालयांच्या खिडक्यांपुढे हे पुष्कळ अनुभवले आहे. कागद कमी आहे म्हणून परत पाठविला, तर पुन्हा एसटीने येता येते. 'बघू' म्हणून ठेवून घेतला आणि पुढे कोणी बोललेच नाही, तर वर्ष जाते.

अरुंद असणे हा त्या रस्त्याचा दोष नव्हता. १४९२ बाइटांच्या रस्त्यावरून जगातील सर्व ग्रंथ जाऊ शकतात, पाकिटे तेवढ्या मापाची करावी लागतात इतकेच. आपल्या संस्थेच्याही मर्यादा आहेत. जागा इतकीच, शिक्षक इतकेच, देणगी इतकीच. त्या वेळीच आणि स्पष्ट सांगितल्या, तर पालक आपला मार्ग काढतात. म्हणून संस्थेच्या कार्यालयास आम्ही एक विनंती केली आणि ती मान्य झाली. वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज नाकारला गेला, तर कारण एका ओळीत लिहून कळवावे. यंदापासून तसे पत्र जाते.

येत्या काळात हा प्रश्न कमी न होता वाढण्याचा संभव आहे. इंटरनेटची नवी पत्तापद्धत, आयपीव्ही६, आपल्या देशातील मोबाइल जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर वापरात आली आहे. तिच्यात मधल्या यंत्राने पाकिटाचे तुकडे करण्याची सोयच ठेवलेली नाही. १२८० बाइटांचे पाकीट प्रत्येक रस्त्यावरून जावे, एवढे किमान बंधन आहे. त्याहून मोठ्या पाकिटांसाठी चिठ्ठी पोहोचणे अत्यावश्यक ठरते. चिठ्ठ्या अडविणारी पेटी तेथे अधिक घात करील.

संगणक कक्षात आता एक नोंदवही ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीच्या अक्षरात ते आठ आकडे आहेत आणि खाली पेटीत केलेले दोन्ही बदल लिहिलेले आहेत. जोडणी बदलली, पेटी बदलली किंवा नवे यंत्र आले, की आठ हाकांची ही चाचणी पुन्हा करावयाची, असा नियम केला आहे. नववीची मुले ती आता आमच्यावाचून करतात.

या स्मरणिकेचे वाचक गावोगावी पसरलेले आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी वसतिगृहे चालवितात, कोणाच्या घरी अर्ज भरणारी मुले आहेत. पान उघडते पण अर्ज जात नाही, चलचित्र चालते पण फाइल चढत नाही, घरच्या जोडणीवर अडते आणि मोबाइलच्या जोडणीवर जाते, अशी लक्षणे दिसली तर या बिघाडाची शंका घ्यावी. जाणकारास बोलावून आकाराची चाचणी करावयास सांगावी आणि आयसीएमपी सरसकट अडविलेले नाही ना, हे आवर्जून विचारावे. परंतु जाणकार येण्यापूर्वी, तक्रार करणाऱ्या मुलाजवळ बसून त्याला एवढे विचारावे की, लहान काय गेले आणि मोठे काय अडले? ते जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे.